व्हॉल्व्हचा जुना पोर्टेबल रेडिओ कसा ओळखावा

दर वर्षी चतुर्थीच्या आधी घर झाडताना गोव्यातल्या कोणत्या ना कोणत्या माळ्यावरून मूठ असलेली, रेक्झिनने मढवलेली एक चौकोनी पेटी खाली उतरते. घरातली तरुण मंडळी तिला जुन्या काळचा ट्रान्झिस्टर म्हणतात, थोरली माणसे ‘बोटीवरून आणलेला रेडिओ’ एवढेच सांगतात, आणि मग ती पेटी भंगारवाल्याकडे जाते किंवा कोणीतरी कौतुकाने तिची वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटात घालतो. या दोन्ही गोष्टी टळाव्यात आणि हातात आलेला संच कोणत्या देशाचा, कोणत्या काळातला आणि कोणत्या जातीचा आहे हे घरच्या घरी समजावे, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. त्यासाठी विजेचे शास्त्र येण्याची गरज नाही. टॉर्च, भिंग, मऊ ब्रश, स्क्रू-ड्रायव्हर, फोटो काढण्यासाठी मोबाइल आणि एक वही एवढे साहित्य पुरते.

एक गोष्ट मनाशी पक्की करूनच सुरुवात करावी. रेडिओच्या दर्शनी भागावरचे नाव सर्वांत शेवटी वाचायचे असते. नावाची पट्टी गळून पडते, दुसऱ्या संचाची आणून चिकटवली जाते, कधी विक्रेता स्वतःच्या दुकानाची पट्टी ठोकतो. डायल, बॅटरीचा खण, व्हॉल्व्ह (आतल्या काचेच्या नळ्या) आणि चॅसीवरचे, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावरचे, शिक्के या चार गोष्टी बदलणे मात्र कठीण असते, म्हणून त्यांची साक्ष आधी घ्यावी आणि चारही साक्षी जुळल्यावरच देश आणि वर्ष लिहावे.

गोव्यात ही काळजी जास्तच घ्यावी लागते. सहज उचलून नेता येतील असे व्हॉल्व्हचे रेडिओ साधारण १९३९ पासून १९६० च्या सुमारापर्यंत बनले, आणि त्यातला जवळजवळ सगळा काळ गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. भारतात आयातीवर निर्बंध होते, तर इकडे परदेशी माल बाजारात उघड मिळत असे. बोटीवर नोकरी करणारे तारवटी होते, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेत राहिलेली कुटुंबे सुटीला येताना सामान आणत, आणि मुरगावहून लोहखनिज जपानला जाऊ लागल्यावर त्या बाजूशीही संबंध वाढला. पुण्यात किंवा ठाण्यात जुना रेडिओ दिसला तर तो ठाण्याच्याच कारखान्यातला मर्फी असेल असा अंदाज बरेचदा खरा ठरतो. गोव्यात एकाच वाड्यावर अमेरिकन, जर्मन, डच आणि जपानी असे चार संच चार घरांत निघू शकतात, त्यामुळे इथे आधी अंदाज बांधून चालत नाही.

पहिली पायरी : वीज लावू नये

हा नियम मी विनंती म्हणून नव्हे, आग्रहाने सांगतो. माझ्या मामांच्या घरी एक अमेरिकन संच होता. गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने ‘आधी बघू तरी चालतो का’ म्हणून तो २३० व्होल्टच्या सॉकेटात लावला. संच ११७ व्होल्टचा होता आणि त्यातल्या व्हॉल्व्हची फिलामेंटे, म्हणजे आतल्या तापणाऱ्या बारीक तारा, एकामागून एक अशी सरीत जोडलेली होती. क्षणभर आतून उजेड दिसला आणि सगळे व्हॉल्व्ह एकदम गेले. साठ वर्षे माळ्यावर जे टिकले होते ते एका सेकंदात संपले, आणि ते मला आजही लागून राहिले आहे.

वायरीच्या टोकाला दोन चपट्या समांतर पट्ट्यांचा प्लग असेल तर संच बहुधा अमेरिकेचा किंवा जपानचा आहे आणि तो १०० ते ११७ व्होल्टच्या आसपासचा आहे असे धरून चालावे. दोन गोल पिना असतील तर युरोपचा संभव अधिक. मात्र प्लग बदलणे हे सर्वांत सोपे काम असल्याने हा पुरावा कच्चा समजावा. दुसरा धोका असा की विजेवर आणि बॅटरीवर अशा दोन्ही रीतींनी चालणाऱ्या अनेक संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो, विजेची एक तार थेट चॅसीला जोडलेली असते, आणि वायर लावलेली असताना चॅसीला किंवा गुंडीच्या उघड्या दांड्याला हात लागला तर जोराचा झटका बसू शकतो. जुने मेणकागदी कंडेन्सर आणि पत्र्याच्या चकत्यांची थप्पी दिसणारा सेलेनियम रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) यांचाही भरवसा उरलेला नसतो. सेलेनियम जळाला तर त्याचा धूर विषारी असतो. आत एखाद्या तापणाऱ्या भागाजवळ राखाडी-पांढरा कागदासारखा पत्रा चिकटवलेला दिसला तर तो खरवडू नये, कारण काही संचांत तिथे अॅस्बेस्टॉस वापरलेले असे.

दुसरी पायरी : व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर

मराठीत हातात धरून नेण्याच्या कोणत्याही रेडिओला ट्रान्झिस्टर म्हणण्याची सवय पडली, त्यामुळे घरच्यांच्या शब्दावर जाता येत नाही. बाजारात आलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ म्हणजे अमेरिकेचा रीजन्सी टीआर-१, आणि तो १९५४ च्या अखेरीस आला. त्यानंतरच्या काही वर्षांत कंपन्यांना ट्रान्झिस्टरचा इतका अभिमान होता की ‘६ ट्रान्झिस्टर’, ‘७ ट्रान्झिस्टर’ असे त्या दर्शनी भागावरच ठळक लिहीत. तसे काही लिहिलेले नसेल आणि पेटी आकाराच्या मानाने जड लागत असेल तर आत व्हॉल्व्ह असण्याची शक्यता वाढते.

खात्री मागचे झाकण उघडूनच होते. झाकण बहुधा नाण्याने फिरवता येतील अशा रुंद खाचेच्या स्क्रूंनी किंवा दाबाच्या कड्यांनी बसवलेले असते. ते एका झटक्यात ओढू नये. अनेक संचांत अँटेनाची तार झाकणाच्याच आतल्या बाजूला चौकटीसारखी गुंडाळलेली असते आणि तिची केसासारखी बारीक दोन टोके चॅसीला सोल्डर केलेली असतात. बोटभर फट पडली की टॉर्च आत धरून ती टोके शोधावीत आणि झाकण पुस्तकाच्या पानासारखे बाजूला वळवावे.

आत करंगळीएवढ्या काचेच्या चार-पाच नळ्या उभ्या किंवा आडव्या दिसल्या तर तो व्हॉल्व्हचा रेडिओ. इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. टेबलावरचा मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ लावल्यावर अर्धा मिनिट थांबावे लागे, ही आठवण अनेकांना आहे. म्हणून ‘आमचा तर बटण फिरवले की लगेच बोलायचा, म्हणजे तो ट्रान्झिस्टरच’ असे ते सांगतात. बॅटरीवरच्या व्हॉल्व्हचे फिलामेंट इतके बारीक असते की ते सुमारे सेकंदाभरात तापते, आणि त्याचा उजेड दिवसा जवळजवळ दिसतही नाही. लगेच बोलणे हा ट्रान्झिस्टरचा पुरावा होत नाही.

संक्रमणाच्या काळात मिश्र संचही निघाले. १९५५ चा अमेरिकन इमर्सन ८३८ हा तीन अगदी छोट्या नळ्या आणि दोन ट्रान्झिस्टर असा होता, तर काही युरोपीय संचांत पुढे व्हॉल्व्ह आणि आवाजाच्या शेवटच्या टप्प्याला ओसी७२ ट्रान्झिस्टरची जोडी असे. असा संच मिळाला तर त्याचा काळ आपोआप १९५५ ते १९६० च्या आसपास येतो.

तिसरी पायरी : डायल वाचणे

डायल हा नवख्या माणसासाठी सर्वांत बोलका भाग आहे, आणि सर्वांत नाजूकही. डायलच्या काचेवरची अक्षरे पुष्कळदा आतल्या बाजूने छापलेली असतात, आणि दमट हवेत त्या रंगाची पकड आधीच सुटलेली असते. मी उमेदवारीच्या काळात एका डायलवरची बुरशी ओल्या फडक्याने पुसली, आणि फडक्यावर पिवळ्या रंगात स्टेशनांची उलटी नावे उमटलेली पाहिली. आधी फोटो काढावा, मग कोरडा मऊ ब्रश फिरवावा, आणि अक्षरांच्या बाजूला पाणी मुळीच लावू नये.

आता आकडे पाहावेत. एकच पट्टा असेल आणि त्यावर ५५ पासून १६० पर्यंत आकडे असतील तर ते ५५० ते १६०० किलोसायकल होत, शेवटचे शून्य गाळलेले असते, आणि ही अमेरिकन मांडणी आहे. मीडियमवेव्हवर २०० ते ५५० अशी मीटरची मापे असतील, किंवा मीडियमवेव्हशेजारी लाँगवेव्हचा पट्टा असेल, तर युरोपकडे वळावे. अमेरिकेत लाँगवेव्हवर करमणुकीचे प्रसारण नसल्यामुळे तिथल्या घरगुती संचांत तो पट्टा सहसा नसतो. पट्ट्यांची अक्षरेही देश सांगतात. केडब्ल्यू, एमडब्ल्यू, एलडब्ल्यू आणि यूकेडब्ल्यू अशी बटणे जर्मन आहेत, आणि यूकेडब्ल्यू म्हणजे आजचे एफएम. पीओ आणि जीओ ही फ्रेंच संचाची खूण आहे. ओएम आणि ओसी, म्हणजे ओंदश मेदियश आणि ओंदश कुर्तश, हे पोर्तुगीज. पण ओसी हे फ्रेंचमध्येही शॉर्टवेव्हच असल्याने केवळ त्या दोन अक्षरांवरून निर्णय घेऊ नये, शेजारी ओएम आहे की पीओ ते पाहावे.

स्टेशनांची नावे असतील तर ती सगळी वहीत उतरवावीत. हिल्व्हर्सम, लक्झेंबर्ग, लाहटी अशी नावे युरोपच्या बाजारासाठी बनलेल्या संचावर येतात. याउलट बहुतेक अमेरिकन डायलांवर नावे नसतात, नुसते आकडे असतात.

अमेरिकन डायलवर आणखी एक बारीक खूण शोधावी. ६४० आणि १२४० या आकड्यांजवळ, म्हणजे ६४ आणि १२४ च्या जागी, छोटे त्रिकोण छापलेले असतील तर संच १९५३ ते १९६३ या काळातला आहे. युद्धाच्या प्रसंगी नागरिकांनी कोणत्या दोन ठिकाणी सूचना ऐकायच्या, हे दाखवण्यासाठी तिथे ते चिन्ह छापले जाई. तिळाएवढा हा त्रिकोण काळाचा पुरावा म्हणून नावाच्या मोठमोठ्या पट्ट्यांपेक्षा मोलाचा ठरतो. हर्ट्झ हे एकक १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारले गेले, त्यामुळे त्याआधीच्या या संचांवर बहुतेक केसी आणि एमसी, म्हणजे किलोसायकल आणि मेगासायकल, हीच अक्षरे दिसतील.

चौथी पायरी : बॅटरीचा खण

व्हॉल्व्हच्या पोर्टेबल रेडिओला दोन वेगवेगळ्या बॅटऱ्या लागत. एक फिलामेंट तापवण्यासाठी कमी दाबाची, बहुधा १.५ व्होल्टची, दुसरी जास्त दाबाची, ६७.५ किंवा ९० व्होल्टची. आत बॅटरी नसली तरी खणाचा आकार, जोडाच्या टिकल्या आणि आतला छापील कागद पाहावा. कागदावर ए आणि बी असे लिहिलेले असेल तर पद्धत अमेरिकन. एलटी आणि एचटी असेल तर ब्रिटिश. हाइट्सबाटेरी आणि आनोडेनबाटेरी असे जर्मन शब्द तर काम सोपेच करतात. अमेरिकन संचांत एव्हरेडी ४६७ हा ६७.५ व्होल्टचा पॅक फार चाले. ब्रिटिश संचांत एव्हर रेडीचा ९० व्होल्टचा बी१२६ आणि त्याच्या सोबतीला १.५ व्होल्टचा एडी३५ ही जोडी वारंवार दिसते.

जुनी बॅटरी आतच फुटून पांढरा-हिरवा थर साचलेला असेल तर हातमोजे घालावेत, आणि साफ करण्याआधी त्या थराचाही फोटो काढावा. बॅटरीच्या पुठ्ठ्यावरचे नाव पत्र्याला चिकटून उलटे उमटलेले मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. आणखी एक सूचना : १.५ व्होल्टच्या जोडाला कुतूहलाने ९ व्होल्टचा सेल लावू नये. परिणाम माझ्या मामांच्या संचासारखाच होईल.

पाचवी पायरी : व्हॉल्व्ह

इथे घाई करू नये, कारण संचाची जात इथे ठरते. प्रत्येक नळीच्या काचेवर तिचा संकेत छापलेला असतो. छपाई इतकी कच्ची असते की अंगठा फिरवला तरी पुसली जाते, म्हणून काच पुसायची नाही. टॉर्च बाजूने तिरपा धरावा, भिंगातून वाचावे, आणि अक्षरे पुसट असतील तर काचेवर हलकी फुंकर घालावी. वाफ बसते तेव्हा अक्षरांची कडा क्षणभर उठून दिसते. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या जागेवर होता याचे चित्र काढल्याशिवाय एकही नळी सॉकेटातून काढू नये.

संकेतांच्या दोन भाषा आहेत. अमेरिकन पद्धतीत पहिला आकडा साधारणपणे फिलामेंटचा दाब सांगतो. १ ने सुरू होणारा म्हणजे १.४ व्होल्टच्या आसपासचा, ३ ने सुरू होणारा म्हणजे सुमारे २.८ व्होल्टचा, ११७ म्हणजे थेट ११७ व्होल्टचा. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर दाब सांगते, आणि डी म्हणजे १.४ व्होल्ट. पुढची अक्षरे काम सांगतात : के म्हणजे आलेल्या लहरीची वारंवारता बदलणारा, एफ म्हणजे ती वाढवणारा, ए म्हणजे त्यात डायोडही आहे, आणि एल म्हणजे लाऊडस्पीकरला ताकद देणारा. आकडा ९० च्या घरात असेल तर तळाशी सात पिनांची छोटी नळी.

या दोन भाषांमध्ये एकच माल दोन नावांनी विकला जाई. १आर५ म्हणजेच डीके९१, १टी४ म्हणजे डीएफ९१, १एस५ म्हणजे डीएएफ९१, ३एस४ म्हणजे डीएल९२ आणि ३व्ही४ म्हणजे डीएल९४. युद्धानंतरच्या चार व्हॉल्व्हच्या असंख्य संचांत हीच चौकडी या क्रमाने बसलेली असते, फक्त शेवटची जागा ३एस४ किंवा ३व्ही४ यांपैकी एकाकडे असते. पहिले तीन प्रत्येकी ५० मिलिअँपिअर आणि शेवटचा १०० घेतो, म्हणजे १.५ व्होल्टच्या बॅटरीतून सतत २५० मिलिअँपिअर जात. बॅटऱ्या महाग, आणि त्या लवकर संपत. म्हणून ५० च्या दशकाच्या मध्यावर युरोपात डीके९६, डीएफ९६, डीएएफ९६, डीएल९६ ही मालिका आली, जिचा खर्च बरोबर निम्मा, एकूण १२५ मिलिअँपिअर होता. आकडा ९१ आहे की ९६, एवढ्यावरून संच दशकाच्या कोणत्या बाजूचा आहे हे पुष्कळसे कळते. जपानी कारखान्यांनीही हाच मार्ग धरला. तिथल्या १आर५-एसएफ यासारख्या नावातले शेवटचे एसएफ हे कमी खर्चाच्या फिलामेंटची खूण आहे.

याहून जुने संच अंगठ्याहून जाड नळ्यांनी ओळखावेत. तळाला काळा बेकेलाइटचा बूड, आठ पिना, मध्ये खाचेचा खुंटा, आणि १ए७जीटी, १एन५जीटी, १एच५जीटी असे संकेत असतील तर रचना १९३८ नंतरच्या पहिल्या पिढीतली. बेकेलाइटऐवजी धातूचा बूड आणि १एलए६, १एलएन५ असे संकेत असतील तर ती लॉक्टल जात. इथे एक फसगत होते. १एल६ आणि १एल४ या नावांतही एल आहे, पण त्या लॉक्टल नाहीत, छोट्या सात पिनांच्या नळ्या आहेत. एलनंतर आणखी एक अक्षर असेल तर बहुधा लॉक्टल, आणि थेट आकडा असेल तर छोटी नळी, असे लक्षात ठेवावे.

१एल६ दिसला तर संच विशेष जपावा. हा व्हॉल्व्ह शिकागोच्या झेनिथ कंपनीच्या ट्रान्स-ओशनिक या नामवंत शॉर्टवेव्ह संचांत वापरला गेला, आज तो दुर्मीळ आणि महाग आहे, आणि केवळ त्याच्यासाठी संच उघडून लुटले जातात. ट्रान्स-ओशनिक ओळखणे अवघड नाही : काळी, सुटकेससारखी पेटी, पुढचे झाकण वर उघडणारे, शॉर्टवेव्हच्या पट्ट्यांसाठी दाबायच्या बटणांची रांग, आणि सुटी करता येणारी वेव्हमॅग्नेट नावाची अँटेना. पहिला संच १९४२ मध्ये आला, युद्धानंतरचा ८जी००५ हा १९४६ मध्ये, आणि ६०० क्रमांकाची मालिका १९५४ पासून. बोटीवर काम करणाऱ्यांना तो फार प्रिय असे, कारण भर समुद्रात शॉर्टवेव्हशिवाय दुसरे काही लागत नसे.

नळी जिवंत आहे का, एवढेच तपासायचे असेल तर ती सॉकेटातून सरळ वर ओढून काढावी, डिजिटल मल्टिमीटर घ्यावा आणि १ व ७ या पिनांमध्ये जोड आहे का ते पाहावे. नळी उलटी धरली की पिनांच्या वर्तुळात एक मोठी फट दिसते; तिच्या डावीकडून घड्याळाच्या दिशेने १ ते ७ मोजावे. काटा असलेला जुना मल्टिमीटर ओहमच्या सर्वांत खालच्या टप्प्यावर वापरू नये, कारण त्याचा स्वतःचा प्रवाहच ५० मिलिअँपिअरच्या फिलामेंटला जड जाऊ शकतो.

सहावी पायरी : कागद आणि शिक्के

पेटीच्या आतला कागद हा संचाचा जन्मदाखला असतो, आणि आपल्या पावसाळ्यात तोच सर्वांत आधी जातो. कसर तो खाते, वाळवी पुठ्ठ्यातून पोहोचते, किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवा चॅसीचा गंज त्यावर उतरवते. तुकडे सुटत असतील तर ते उचलू नयेत. जागेवरच फोटो काढावा, मग प्रकाश चारही बाजूंनी तिरपा टाकून पुन्हा चार फोटो काढावेत. उभ्या प्रकाशात कोरा वाटलेला कागद तिरप्या प्रकाशात पुष्कळदा वाचता येतो.

कागदावर पेटंट क्रमांकांची यादी असेल तर त्यातला सर्वांत मोठा अमेरिकन क्रमांक शोधावा. २० लाखावे पेटंट १९३५ मध्ये आणि २५ लाखावे १९५० मध्ये दिले गेले. यादीत २५ लाखांच्या पुढचा क्रमांक असेल तर संच १९५० च्या आधीचा असूच शकत नाही. तो नंतरचा किती, हे मात्र यावरून कळत नाही.

देशाचे नाव कसे लिहिले आहे हेही काळ सांगते. ‘ऑक्युपाइड जपान’ असे असेल तर वस्तू १९५२ च्या आधीची. ‘वेस्टर्न जर्मनी’ असेल तर १९४९ नंतरची. डच फिलिप्सच्या क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरांत ए म्हणजे एसी वीज, यू म्हणजे एसी-डीसी दोन्ही आणि बी म्हणजे बॅटरी. शेवटी एबी असेल तर संच दोन्ही रीतींनी चालणारा आहे.

लाऊडस्पीकरच्या मागे पाहण्यास विसरू नये. अमेरिकन स्पीकरवर सहा-सात आकड्यांचा शिक्का असतो : पहिले तीन आकडे कारखान्याचे, जसे २२० म्हणजे जेन्सन, आणि पुढे वर्षाचा व आठवड्याचा आकडा. व्हॉल्व्ह बदलले जातात, स्पीकर क्वचितच, म्हणून मला स्पीकरच्या तारखेवर अधिक विश्वास वाटतो. व्हॉल्व्हच्या बाबतीत उलटा विचार करावा : चारांपैकी तीन एका कंपनीचे आणि चौथा वेगळ्या कंपनीचा असेल तर चौथा बदललेला आहे, आणि साक्ष तिघांचीच घ्यावी. टेलिफुंकनच्या अनेक नळ्यांच्या तळाच्या काचेत, पिनांच्या मधोमध, हिऱ्याच्या आकाराची खूण असते. छपाई पूर्ण गेली तरी ती राहते.

अँटेनाकडेही एक नजर टाकावी. तारेची मोठी चौकट असेल तर संच जुना. पेन्सिलीहून जाड अशी काळी फेराइटची कांडी असेल तर ५० च्या दशकातला किंवा नंतरचा.

सातवी पायरी : घरातली आठवण

वस्तू जे सांगते ते घरातल्या थोरांच्या आठवणीशी ताडून पाहावे, आणि त्यासाठी त्यांना नेमके प्रश्न विचारावेत. ‘आजी, हा कधी आणला?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘हा आणला तेव्हा आमचे बाबा जन्मले होते का, शाळेत जात होते का, घरात वीज होती का?’ असे विचारले की वर्ष दोन-तीन वर्षांच्या आत येते. ‘यावर आम्ही रेडिओ सिलोन ऐकत होतो’ असे कोणी म्हणाले तर डायलवर शॉर्टवेव्ह आहे का ते पाहावे, कारण सिलोनची हिंदी गाणी आपल्याकडे प्रामुख्याने शॉर्टवेव्हवर ऐकली जात. संच एकाच मीडियमवेव्ह पट्ट्याचा असेल तर ती आठवण घरातल्या दुसऱ्या कोणत्या तरी रेडिओची असण्याचा संभव आहे.

काही घरांत ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ची आठवण निघते. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी जंगलातून चालवलेले हे गुप्त केंद्र २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सुरू झाले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत चालले. ते याच संचावर ऐकल्याचे कोणी ठामपणे सांगत असेल, तर संच १९६१ पर्यंत घरात आला होता अशी वरची मर्यादा त्यातून मिळते. शिवाय अशी आठवण संचाच्या नोंदीत सांगणाऱ्याच्याच शब्दांत उतरवून ठेवण्याजोगी असते.

एक ओळख, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

डिचोली भागातल्या एका घरातून मला पाहायला मिळालेल्या संचाचे उदाहरण देतो. नावाची पट्टी नव्हती, रेक्झिनवर तीन बारीक भोके फक्त उरली होती. घरचे त्याला जपानी म्हणत. डायलवर केडब्ल्यू, एमडब्ल्यू, एलडब्ल्यू, म्हणजे जर्मन अक्षरे. आत डीके९६, डीएफ९६, डीएएफ९६ अशा तीन नळ्या तळाला हिऱ्याची खूण असलेल्या, चौथा डीएल९६ मात्र दुसऱ्याच कंपनीचा. सेलेनियमच्या चकत्या होत्या, ११०, १२७ आणि २२० व्होल्टची निवड करणारी छोटी चकती होती, अँटेना फेराइटच्या कांडीची होती, आणि स्पीकरच्या कागदावर ‘वेस्टर्न जर्मनी’ अशी अक्षरे होती. इतक्या साक्षींनंतर देश आणि काळ यांत शंका उरली नाही : पश्चिम जर्मनी, ५० च्या दशकाचा उत्तरार्ध, विजेवर आणि बॅटरीवर चालणारा. नळ्या टेलिफुंकनच्या आहेत म्हणून संचही टेलिफुंकनचा, असे मात्र म्हणता येत नाही, कारण ती कंपनी आपल्या नळ्या इतर कारखान्यांनाही विकत असे. नाव शोधण्यासाठी खोलीत अंधार करून तीन भोकांच्या मधल्या रेक्झिनवर टॉर्च जवळजवळ आडवा धरला, तेव्हा पट्टीखाली न विटलेल्या भागाची एक लांबट सावली दिसली, पण अक्षरे उमटली नाहीत.

त्या संचाची नोंद मी अशी केली : सापडल्याचे ठिकाण आणि तारीख, पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये, पट्टे आणि त्यांवरचे सर्व आकडे, चार व्हॉल्व्ह, त्यांच्या जागा आणि त्यांतला बदललेला कोणता, स्पीकर आणि चॅसीवरचे शिक्के जसेच्या तसे, घरच्यांचे म्हणणे, देश आणि काळ, प्रत्येकासमोर त्याचा आधार. कंपनीच्या नावाची ओळ कोरी सोडली आणि भोकांमधले अंतर मिलिमीटरमध्ये तिथे लिहिले, म्हणजे पुढे कधी त्याच मापाची पट्टी असलेला संच दिसला तर ताडून पाहता येईल. नोंदीची एक प्रत वहीत ठेवली, आणि दुसरी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवून, रिकाम्या बॅटरीच्या खणात ठेवली. पुढच्या चतुर्थीला ही पेटी पुन्हा कोणी उघडेल तेव्हा त्याला सगळे पहिल्यापासून शोधावे लागणार नाही.